वीतभर उंच

मी गाडीखाली उताणा पडलो होतो, टेपचं एक टोक दातांत धरून माप घेत होतो, आणि वरच्या फळीच्या फटीतून कुणीतरी माझ्या कपाळावर श्वास सोडला.

श्वास तरी केवढा! घामानं चिकटलेले माझे केस एका फुंकरीत वाळले. वास सडक्या कलिंगडाचा आणि तळ्याच्या गाळाचा. मी डोळे वर केले तर फटीला एक नाकपुडी लागलेली. माझी मूठ सहज आत गेली असती. नाकपुडी मिटली, थोडा विचार केला, पुन्हा उघडली.

“हलू नगंस,” गाडीबाहेरून बाईचा आवाज आला. मला तिचे फक्त पाय दिसत होते, जोडवी आणि घोट्यापर्यंत चिखल. “वास घेतीया तुझा. नवा मानूस हाईस न्हवं.”

“आणि हललो तर?”

“तर तिला कळंल तुला भ्या वाटतंय. मग तिला बी भ्या वाटतंय. आनि तिला भ्या वाटलं की फळ्या टिकत न्हाईत.”

मी हललो नाही. मुंगी मानेवरून कानात गेली, तिचं तिथलं काम आटोपून परत आली, तरी हललो नाही.

ही गोष्ट साखरप्याची. आंबा घाटाच्या पायथ्याशी आमच्या अण्णांचं गॅरेज होतं. अण्णा गेल्यावर ते मी चालवत होतो. वय पंचविशीच्या आत, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि अंगात एवढी रग की ट्रकचं चाक एका हातानं फिरवून दुसऱ्या हातानं चहा प्यायचो. हसा. त्या वेळी हसायला कुणी धजत नव्हतं.

रत्नागिरीचा मुक्काम उठवून ग्रँड ढवळीकर सर्कस कोल्हापूरला निघाली होती. तंबू, घोडे, माकडं, झुल्यावरच्या पोरी, सगळे ट्रक घाट चढून गेले होते. मागे राहिली होती ही एकच गाडी, आणि तिच्यात मैना.

मैना म्हणजे पाणघोडी. दोन म्हशी एकावर एक रचा, वर एक रेडकू ठेवा आणि पुढे तोंडाच्या जागी बैलगाडीची पेटी लावा. तिच्यासाठी सर्कशीचे मालक प्रोफेसर ढवळीकर यांनी एक खास गाडी बांधून घेतली होती. तिला मागे चाकं होती, पुढे नव्हती. पुढे तिची लोखंडी मान निघायची, ती ट्रकच्या हौद्यावरून आत जायची आणि हौद्यात बसवलेल्या खुंट्यावर टेकायची. मानेच्या वर एक खोपट होतं, त्यात मैनेची राखणदार तानुबाई झोपायची. खोपट आणि मैना यांच्यामध्ये गजांचं लोखंडी दार. मैनेच्या खोलीत, फळ्यांवर बसवलेल्या पसरट पत्र्याच्या टाक्यात, वीतभर पाणी नेहमी साठवलेलं, कारण कातडी वाळली की तिला भेगा पडायच्या.

गाडी झोकात होती. फक्त ती मान आणि हौद्याच्या कडेचे फाळके यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. सपाट रस्त्यावर ठीक. वळणावर ट्रक एकीकडे कलला आणि गाडी दुसरीकडे, की मान फाळक्यावर बसायची. साखरप्यापर्यंत येता येता एक फाळका फुटला होता आणि ड्रायव्हर हसनमियाँनं हात टेकले होते.

“असाच घाटात गेलो तर पहिल्याच वळणाला मान अडकेल,” हसनमियाँ मला म्हणाला, “आणि मग आपण सगळे आयुष्यभर तिथेच राहू. आयुष्य मात्र फार मोठं नसेल.”

मी गाडीखालून सरपटत बाहेर आलो. प्रोफेसर समोर उभे होते. डोक्याला फेटा, मिशांना मेण, आणि उन्हं अजून कोवळी असताना छातीवर सगळी पदकं.

“बोला मिस्त्री. काय करता?”

“मान वीतभर उचलायची. खुंट्याखाली लोखंडी घोडा, म्हणजे पायांची बैठक, ठोकतो. पण साहेब, मान उचलली की शेपूटही उचलावं लागेल. मागचे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खाली आहेत, ते काढून वर बसवायचे. त्याला दोन दिवस लागतील.”

“दोन दिवस? उद्या संध्याकाळी कोल्हापुरात खेळ आहे. भिंतीभिंतीवर मैनेचं चित्र चिकटवलंय.”

“नुसती पुढून उचलली तर गाडी मागे कलंडेल.”

“मिस्त्री, घासते कोण? मान. शेपूट घासतं का?”

“नाही.”

“मग जे घासत नाही त्याला हात लावू नये. सर्कशीत मी चाळीस वर्षं हेच शिकलो.”

या वाक्यात काहीतरी चूक आहे हे कळत होतं, पण कुठे ते सापडेना. मोठ्या माणसांची वाक्यं अशी असतात. मी कामाला लागलो. घोड्याच्या पायांना चॅनेलचं लोखंड माझ्याकडे होतं. वरचा आडवा भार घ्यायला जाड कांब हवी होती, ती नव्हती.

“मनगटाएवढी हवी,” मी प्रोफेसरांना म्हणालो, “दीड हात लांब. पोकळ नको, भरीव. तिच्यावरच सगळं पेलायचंय.”

“सर्कशीत लोखंडाला काय तोटा!” असं म्हणून ते गाडीकडे गेले. तानुबाई त्या वेळी हंडे घेऊन काजळी नदीवर पाण्याला गेली होती. थोड्या वेळानं प्रोफेसर स्वतः खांद्यावर कांब घेऊन आले. अगदी हवी तशी. मधला भाग हात लागून लागून गुळगुळीत, चकचकीत झालेला. असं लोखंड आता मिळत नाही. मी ती टाकली, वेल्डिंग मारलं, वर घणाचे घाव घालून पाहिले. कांब हूं म्हणाली नाही.

दुपारी मान नव्या घोड्यावर बसली. फाळक्यावर आता आख्खा हात आडवा जात होता. बाजूनं पाहिलं तर गाडी कुत्रा बसतो तशी बसली होती, तोंड वर करून. आत पाण्याचा खळाळ झाला आणि मागच्या भिंतीवर ‘धब्ब’ असा आवाज आला.

तेवढ्यात तानुबाई नदीवरून आली. हंडे ठेवायला खोपटात चढली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ हातभर फाटलेला होता. मला वाटलं खिळ्याला अडकला.

“मालक,” ती म्हणाली, “काय केलंत ह्ये?”

“काम झालं, तानुबाई. चला.”

“मी इचारलं काय केलंत.”

“चला म्हटलं ना!” प्रोफेसरांनी मिशी फिरवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मग नवी मान बघितली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “पक्कं केलंस रं.”

मी फुशारून गेलो.

आता आमच्या गॅरेजचा नियम सांगतो. अण्णा म्हणायचे, ज्याने नट आवळला त्याने घाट चढायचा. गाडीला हात लावला की मिस्त्री त्याच गाडीत बसून वर आंबा गावापर्यंत जाणार, आणि उतरणाऱ्या गाडीनं परत येणार. म्हणून तर मुंबईपासून बेळगावपर्यंतचे ड्रायव्हर आमच्याकडे थांबायचे. जो स्वतः बसणार तो नट ढिला ठेवत नाही. तानुबाईनं विचारलं, “तू कशापायी येतोस?” तेव्हा मी हा नियम तिला ऐटीत सांगितला. तिनं तो नीट ऐकून घेतला. बाई ऐकून घेते म्हणजे विसरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

निघालो. केबिनमध्ये हसनमियाँ, मध्ये मी, कडेला प्रोफेसर. तानुबाई नेहमीसारखी गाडीच्या मागच्या पायरीवर बसली. पहिली वळणं लोण्यासारखी गेली. मान कुठे घासली नाही, कुठे अडली नाही. हसनमियाँनं माझ्या मांडीवर थाप मारली. प्रोफेसर म्हणाले, “बघा, दोन दिवस म्हणे!”

मग धुकं आलं. आंबा घाटातलं धुकं हळूहळू येत नाही. कुणीतरी वरून घोंगडी टाकावी तसं येतं. डावीकडचा डोंगर गेला, उजवीकडची दरी गेली, राहिला फक्त रस्त्याचा समोरचा तुकडा. आणि त्या तुकड्यावर चढण खडी झाली.

आधी मला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. पाठीमागून ‘धप्‌, धप्‌’ असा आवाज यायला लागला, जणू कुणी मान उचलतंय आणि टाकतंय. मग ट्रकच्या मागच्या चाकांनी किंकाळी फोडली. चाकं फिरत होती, ट्रक जागचा हलत नव्हता. रबर जळल्याचा वास आला.

“काय झालं?” प्रोफेसर.

“मागचं हलकं झालंय,” हसनमियाँ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “जनूभाई, तुझी मान हौद्यावर बसतच नाही. वर उडतेय.”

आणि मग ट्रक मागे सरकला. हातभरच. हसनमियाँ ब्रेकवर उभा राहिला. मी उडी मारली, हाताला लागेल तो धोंडा गाडीच्या चाकामागे घातला. पलीकडून तानुबाईनं आधीच एक घातला होता. गाडी धोंड्यावर टेकली, धोंडा करकरला, थांबली.

मी मागे जाऊन पाहिलं. मागचं चाक आणि कठडा यांच्यात माझी चप्पल मावेल एवढी जागा. आणि कठडा म्हणजे तरी काय, दगड होते तिथे आता नुसती दगडांची आठवण होती. त्यापुढे पांढरं. मी एक खडा ढकलला. पडल्याचा आवाज आला नाही.

काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मान वर, शेपूट खाली. आतलं पाणी सगळं मागच्या भिंतीला जमलं. पाणी मागे तर मैना मागे, तिला पाण्याशिवाय करमत नाही. दोन म्हशी आणि एक रेडकू मागच्या टोकाला जाऊन निजले. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जातं. मान वर उठली आणि ट्रकच्या मागच्या चाकांवरचा भारच गेला. भार नाही तर चाक रस्ता धरत नाही. एवढंच. जे घासत नव्हतं त्याला आम्ही हात लावला नव्हता.

“खुंटा सोडा,” प्रोफेसर म्हणाले. ते डोंगराच्या बाजूला, एका झाडाला धरून उभे होते. “गाडी सुटू दे. ट्रक वाचेल, माणसं वाचतील.”

“आनि मैना?” तानुबाईनं विचारलं.

प्रोफेसरांनी मान खाली घातली. फेटा आणि मिशा गळाल्यावर ते बरेच लहान दिसत होते. “मला बरं वाटतंय का, तानू? ती माझ्या हातावर वाढलीय.”

“तुमच्या हातावर?” ती म्हणाली. “तुमच्या हातावर नुसतं घड्याळ हाय.” आणि ती मागच्या पायरीवर चढून बसली, मांडी घालून, दरीकडे पाठ करून. “सोडा खुंटा. माझं बी सोडा.”

धोंडा पुन्हा करकरला.

“मावशी, उतरा!” मी ओरडलो. “तुमच्या वजनानं आणखी मागे जाईल!”

हे मात्र तिला पटलं. ती टुणकन उतरली. “मग सांग मिस्त्री. तुझी मान हाय.”

“तिला पुढे आणायचं. ती पुढच्या भिंतीला येऊन उभी राहिली तर मान खाली बसेल, चाकं रस्ता धरतील. मागचं पाणी सोडून द्या, म्हणजे तिथे थांबायला तिला काही उरणार नाही.”

“पानी मी सोडते. ढोसून उठवते बी, माझ्याबिगर कुनी ढोसलं तर हात ऱ्हायचा न्हाई. पन पुढं कोन बोलावनार? खोपटात बसून तिला भोपळं द्यायचं, डोस्क्यावर तांब्यानं पानी घालायचं. आनि चाकामागं धोंडा घेऊन चालाया बी कुनीतरी पायजे.” तिनं प्रोफेसरांकडे पाहिलं. “ह्यास्नी पदकं उचलवत न्हाईत, धोंडा कुठला.”

हसनमियाँ ब्रेकवरून पाय काढू शकत नव्हता. राहिलो मी.

“दार पक्कं आहे ना?” मी विचारलं.

“लोखंडाचं हाय,” ती म्हणाली.

खोपटाचं दार बाजूला होतं, वाकून आत जायचं. आत काळोख. हंडे, तिची वळकटी, भोपळ्यांचं पोतं. समोर गजांचं दार, आणि गजांपलीकडे त्याहून दाट काळोख. बसलो तेव्हा खोपट पायाखाली डुलत होतं, वाऱ्यावरच्या फांदीसारखं. तेव्हा कळलं की आता गाडी गेली तर मी तिच्यासकट गेलो. अण्णांचा नियम एवढा लांबवर जातो हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

बाहेरून तानुबाईनं बजावलं, “तिनं तोंड उघडलं की मागं सरायचं न्हाई. हसतीया समजायचं. आनि बोलत ऱ्हा! मानसाचा आवाज लागतो तिला. गप बसलास की ती वळून जाईल.”

“काय बोलू?”

“तुझ्या घरचं बोल! तिला काय कळतंय!”

मागे बूच उघडल्याचा आवाज आला, आणि पाणी दरीत पडू लागलं. ते कुठे पोचल्याचं ऐकू आलं नाही. मग तानुबाईची शिवी, मग काठीचा ठोसा. आणि काळोखात काहीतरी उठलं. त्याला ‘उठली’ म्हणत नाहीत. भिंत उठते तसं. सगळी गाडी शहारली. हसनमियाँ केबिनमधून “या अल्ला” म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं.

“मैना,” मी म्हणालो. “ये मैना. भोपळा आहे बघ. मी जनार्दन. साखरप्याचा. सकाळी तू माझ्यावर श्वास टाकलास तो मीच.”

एक पाऊल. मान थोडी खाली बसली. दुसरं पाऊल. खोपटाचं डुलणं कमी झालं. मग गजांना दोन नाकपुड्या लागल्या, आणि मी भोपळा पुढे केला.

तोंड उघडलं. खालचा जबडा खाली गेला, वरचा वर गेला, आणि मध्ये एक खोली तयार झाली. मी आत बसून जेवलो असतो, शिवाय एक पाहुणा बोलावला असता. सुळे गजांवर खर्रकन घासले. मी भोपळा टाकला. फट्. संपला.

“चल हसन!” तानुबाई ओरडली.

इंजिन गुरगुरलं. चाकं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि मग त्यांनी रस्ता चावला. आम्ही हललो. पुढे.

गाडी चालत होती माणसाच्या चालीनं. बाहेर एका बाजूला तानुबाई धोंडा घेऊन चाकाबरोबर चालत होती, मला तिच्या जोडव्यांचा आवाज यायचा. आत मी भोपळे टाकत होतो, गजांतून हात घालून तांब्यानं मैनेच्या कपाळावर पाणी ओतत होतो. प्रत्येक वेळी तो हात परत येईल की नाही हे मला ठाऊक नसायचं. एकदा हात परत आला तेव्हा चिकट होता. दाराच्या फटीतल्या उजेडात धरला तर लाल. मी बोटं मोजली. दोनदा मोजली. सगळी होती. नंतर तानुबाईनं सांगितलं की पाणघोड्याच्या अंगातून लालच घाम येतो. पण ते नंतर. त्या वेळी मी ते माझंच रक्त समजून उरलेल्या घाटाचा हिशेब लावत बसलो.

मैना दाराला टेकायची. टेकली की दार दोन बोटं माझ्याकडे यायचं आणि परत जायचं. करर्र, करर्र. जुन्या दाराला तेवढी ढील असायचीच, असं मी मनाशी म्हटलं.

भोपळे संपले. मग हंडे संपले. मी रिकामा तांब्या उपडा केला, दोन थेंब पडले. तिनं नाक फुसकारलं आणि मागचा एक पाय मागे घेतला. खोपट डुललं. खाली ट्रकची चाकं किंचाळली.

“बोल रं!” बाहेरून तानुबाई. “मेलास का?”

मी बोललो. आधी घरचं सगळं सांगितलं. बायकोचं नाव काशी, तिला ताकाची कढी आवडते, ती माझ्यावर रागावली की कपडे फार जोरात आपटते. त्यात किती वेळ जाणार? नव्या नवऱ्याला बायकोबद्दल ठाऊक तरी काय असतं! खरं संपलं. तसा मैनेनं पाय पुन्हा उचलला. मग मी खोटं सुरू केलं.

मी तिला सांगितलं की आमच्या अण्णांनी एकदा वाघाच्या शेपटाला दोर बांधून बंद पडलेली एसटी घाटावर आणली. पाय थांबला. मी सांगितलं की काजळी नदीत एक मासा आहे, तो दर बुधवारी काठावर येऊन न्हाव्याकडून मिशा कातरून घेतो. कान हलला, इवलासा, पाठीवर फुलपाखरू बसावं तसा. मी सांगितलं की मी लहान असताना भोपळ्यात बसून देवरुखला मामाकडे गेलो होतो, आणि वाटेत तो भोपळा तुझ्याच आजीनं खाल्ला, मी तिच्या पोटात आठवडाभर राहिलो, पाहुणचार चांगला होता. तिनं जबडा उंबऱ्यावर टेकला आणि मोठ्ठा सुस्कारा टाकला. माझे केस पुन्हा वाळले. मी बोलत होतो आणि दात वाजत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा बाहेर पडत होता. एक थाप संपायच्या आत दुसरीचं शेपूट तिला जोडायचं, कारण मध्ये श्वास घ्यायला थांबलो की खाली चाकं किंचाळायची. माझ्या थापांना सांधा दिसत नाही असं लोक आजही म्हणतात. सांधा राहिला असता तर मीच राहिलो नसतो.

शेवटी चढण मऊ झाली. इंजिनचा आवाज मोकळा झाला. ट्रक सपाटीवर येऊन थांबला, आणि कुठेतरी कोंबडा आरवला. आंबा आलं होतं. बाजूचं दार उघडलं, तानुबाईचं तोंड आत आलं, आणि तिच्यामागून, धुक्याच्या वरचं लख्ख ऊन आत आलं.

मी पहिल्यांदा गजांचं दार नीट पाहिलं.

दाराला दोन जाड कड्या होत्या, एक चौकटीला, एक दाराला. मनगटाएवढी कांब जाईल अशा. दोन्ही रिकाम्या. आतून वर्षानुवर्षं काहीतरी घासून त्या चकचकीत झाल्या होत्या, अगदी त्या कांबेच्या मधल्या भागासारख्या. कड्यांतून एक चिंधी ओवून गाठ मारली होती. हिरवी, हातभर, काठाची.

दाराचा अडसर माझ्या बुडाखाली होता. मी स्वतः तो तिथे वेल्डिंग मारून पक्का केला होता.

“मावशी,” मी कुजबुजलो, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“दुपारधरनं.”

“आणि तरी मला आत पाठवलंत?”

“सांगितलं असतं तर गेला असतास?” तिनं लुगड्याच्या फाटक्या टोकानं तोंड पुसलं. ती धापा टाकत होती, दोन्ही तळहात धोंड्यानं सोलले होते. “तूच म्हनलास न्हवं? ज्यानं नट आवळला त्यानं घाट चढायचा. मग ज्यानं माझ्या मैनेचा अडसर मानेखाली घातला, त्यानंच तिचं दार राखायचं. माझं काय चुकलं?”

मी गप्प बसलो.

तीच चूक झाली. मैनेनं उंबऱ्यावरून जबडा उचलला. एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नाकानं दार जरासं ढकललं, म्हातारी माणसं झोपलेल्या नातवाला ढोसतात तसं. चिंधी तट्‌कन तुटली. दार करर्र करत पूर्ण उघडलं, आणि ते ओलं, लाल, दोन म्हशींचं तोंड खोपटात, माझ्या मांडीपर्यंत आलं आणि थांबलं.

“आता काय करू?” मी मांडी न हलवता विचारलं.

तानुबाई दारातून अलगद मागे सरली.

“भोपळ्यात बसून गेला हुतास न्हवं मामाकडं?” ती म्हणाली. “तिथनं पुढं सांग. आनि लेकरा, सावकाश सांग. मी भोपळं घिऊन येते.”